आज हुशारी नाय

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मी लिमयेबाईंचे नाव घेईन. पेणच्या शाळेत त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. पावसाळ्यात भात आणि थंडीत वाल, एवढाच आमचा पिढीजात अभ्यासक्रम. पाचवीला मी मावशीकडे पेणला राहायला आलो तेव्हा मला पुस्तकातले मराठी वाचता येत होते, पण तोंडातून निघायचे ते 'हाय', 'नाय' आणि 'व्हय'. बाईंनी ते न रागावता, न चिडवता बदलले. त्यांच्या घरचे पुस्तकांचे कपाट मला उघडे होते. कॉलेजचा अर्ज मी त्यांच्या ओटीवर बसून भरला. पदवीचा निकाल लागला तेव्हा पेढे आधी त्यांच्याकडे गेले, मग गावाला.

पदवी रसायनशास्त्राची, नोकरी रोह्याजवळ धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात. नदीपलीकडच्या अष्टमी गावात खोली घेतली आणि सायकलने जाऊ-येऊ लागलो. निवृत्त होईपर्यंत मी सुरक्षा विभागात होतो. या अंकाच्या संपादकांनी त्याच कामाचे अनुभव लिहायला सांगितले आहे. त्यांना आगी आणि गळत्या हव्या असाव्यात. त्या पाहिल्या, विझवल्याही. पण लिहायला बसल्यावर मनात येते ती गोष्ट एका शब्दाची आहे, आणि ती लिहिताना मान वर राहत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटते, सुरक्षा विभाग म्हणजे डोक्यावर टोपी घाला असे ओरडत फिरणारा माणूस. तसे फिरावे लागतेच. पण खरे काम कोणालाही, कितीही घाई असली तरी, 'थांबा' म्हणण्याचे. हा शब्द म्हणायला सोपा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा महिनाअखेरीला माल भरायचा राहिलेल्या कारखान्यात उभे राहून तो म्हणून पाहावा. उत्पादनवाले आमच्याकडे लग्नात शिंकणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे पाहायचे.

मी लागलो तेव्हा सगळ्या पाट्या इंग्रजीत होत्या आणि कामगार आसपासच्या गावांतले. पदवीधर, शिवाय मराठी चांगले, म्हणून पाट्या मराठीत करायचे काम माझ्याकडे आले. मला फार आनंद झाला. पहिलीच पाटी केली ती द्रावकांच्या गोदामावर, लाल अक्षरांत 'ज्वलनशील'. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा हमाल मला गोदामापाशी थांबवून गंभीरपणे म्हणाला, "सायेब, ही शीला कोन हो? नि येवडी जलते कोनावर?"

ती पाटी मी काढली आणि 'लगेच पेट घेते' अशी लावली. एकदा 'बंदिस्त जागेत प्रवेश निषिद्ध' असे लिहिले, तर कामगार संडासाला जायचे की नाही ते विचारायला आले. पुढे मला गोडी लागली. जेवणाच्या सुट्टीत कामगारांत बसून मी त्यांचे शब्द ऐकायचो आणि पाटीवर तेच घालायचो. साहेब लोक खूश होते. मीही स्वतःवर खूश होतो.

मग भांड्यात उतरण्याच्या परवान्याचा कागद मराठीत करायला आला. आमच्याकडे मोठी भांडी असतात, दोन मजले उंच, पोलादी. त्यांत रसायने शिजतात. एक माल संपून दुसरा धरायचा तर भांडे आतून खरवडून धुवावे लागते, आणि त्यासाठी माणूस आत उतरतो. वरचे तोंड जेमतेम खांद्याएवढे. माणसाने उतरण्याआधी भांड्याला येणारे सगळे नळ सोडवून वेगळे करायचे, आतली हवा तपासायची, त्याच्या कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा, दोर धरून एक जण तोंडाशी बसवायचा. हे सगळे झाले की शेवटचा प्रश्न उतरणाऱ्या माणसाबद्दल असतो. इंग्रजी कागदावर त्याचा अर्थ होता, हा माणूस आत्ता पूर्ण भानावर आहे का, ताजातवाना आहे का. शिफ्टच्या साहेबाने तो मोठ्याने विचारायचा आणि उत्तर लिहायचे.

मी खूप शब्द घोळवले. 'दक्ष' कोणी बोलत नव्हते. 'सावध' म्हटले की लोक इकडेतिकडे साप शोधायचे. शेवटी मला 'हुशार' सापडला. आमच्या भागात तापातून उठलेल्या पोराला आई विचारते, "आता हुशारी वाटते का रे?" बैल चाऱ्याला तोंड लावू लागला की म्हणतात, हुशार झाला. डोळ्यांत, अंगात, मनात जाग परत येणे, हे सगळे त्या एका शब्दात आहे. आणि शाळेतला जो हुशार, पहिल्या बाकावरचा, तो मला वाटते याच्यातूनच पुढे निघाला असावा. मी कागदावर लिहिले, 'तू आज हुशार आहेस का?' आपण लोकांचा शब्द लोकांना परत दिला, असे मला वाटले.

खरे तर या शब्दाने मला एकदा वर्गात उभे केले होते. पेणला आलो त्याच वर्षी एका दुपारी मला ताप भरत होता. मी उठून म्हणालो, "बाई, मला हुशारी नाय वाटत. घरी जाऊ?"

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "बाई, ह्याला आज कळलं!"

बाईंनाही हसू आवरले नाही. मग त्या जवळ आल्या, कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, हुशार तर तू आहेसच. मला बरं वाटत नाही, असं म्हणावं." त्या दिवसापासून मी तसेच म्हणत आलो. गावी गेल्यावर आईशीही.

तर कागद छापून आला आणि पहिल्याच दिवशी त्याचा तमाशा झाला. शिफ्टचे साहेब होते सामंत. मुंबईत वाढलेले, डिप्लोमा झालेले, मनाने चांगले पण कायम घाईत. त्यांच्या कानाला हुशार म्हणजे पहिल्या बाकावरचाच. त्यांनी कागदावरचा प्रश्न वाचला आणि समोर गणपत भोईर उभा होता.

गणपत आमचा भांड्यात उतरणारा पटाईत ऑपरेटर. रोह्याच्या आत डोंगराकडच्या गावातला, अंगाने काटक, जिभेने त्याहून. तोही क्षणभर गोंधळला, कारण साहेब विचारतोय म्हणजे साहेबाच्या भाषेतले हुशार असणार. मग हसून म्हणाला, "आमी कुटले हुशार, सायेब? हुशार असतो तर तुमी टाकीत नि मी वर नसतो?"

सगळे हसले. सामंतही हसले आणि कागदावर 'होय' लिहिले. तेव्हापासून ते ठरूनच गेले. दर वेळी सामंत विचारायचे, "काय भोईर, हुशार का?" आणि गणपत काहीतरी नवे सोडायचा. "मास्तर सांगून गेलाय, हा पोरगा म्हशी राकंल." "हुशारी बायकोकडं ठेवून आलोय." लोक त्याचे उत्तर ऐकायला थांबायचे. मी तिथे असलो तर मीही. माझ्या प्रश्नाची चेष्टा होते आहे हे मला कळत होते. ती थांबवणे हेच माझे काम होते. पण चेष्टेत मला धरले होते, 'आपला सायेब' म्हणून, ते मला आवडत होते.

एक दिवस सकाळच्या पाळीत भांडे धुवायचे होते. मी हवा तपासली, ती चांगली होती. नळ सोडवलेले, दोर बांधलेला. गणपत पट्टा चढवत होता आणि जरा हळू चढवत होता. सामंतांनी कागदावरून मान वर न करता विचारले, "हुशार का, भोईर?"

गणपत म्हणाला, "आज हुशारी नाय, सायेब."

दोर धरणारा हसला. सामंत म्हणाले, "आज का? रोजच नाही की!" आणि 'होय' लिहिले. मीही हसलो. हसताना मला गणपतचे डोळे दिसले. ते हसत नव्हते. शिवाय तो 'आज' म्हणाला होता. बुद्धी आज नाही आणि उद्या आहे, असे कोणी म्हणत नाही. हे मला तिथेच, उभ्या उभ्या कळले. मी तोंड उघडायच्या आत त्याचे पाय भांड्यात गेले होते. तोंड उघडायला फार वेळ लागतो असेही नाही.

आत तो शिडीवरून पडला. आधीपासून अंगात ताप, त्यात आतला उकाडा, त्याला भोवळ आली. दोर होता म्हणून तळाशी डोके आपटले नाही. पण दोराला लटकताना उजवा खांदा शिडीत अडकून मोडला. बाहेर काढला तेव्हा तो शुद्धीत होता आणि त्याचे अंग निखाऱ्यासारखे तापले होते.

पुढे खांदा जुळला, पण वाकडा. हात कानाच्या वर जाईना.

त्याआधीच चौकशी बसली. हवेत दोष नव्हता, दोरात नव्हता, भांड्यात नव्हता. सगळे येऊन ठेपले त्या एका प्रश्नावर आणि त्याच्या उत्तरावर. सामंतांचे म्हणणे, मी विचारले, भोईरने नेहमीप्रमाणे चेष्टा केली, त्याला बरे नव्हते तर त्याने सरळ सांगायला हवे होते. गणपतचे म्हणणे, मी सरळच सांगितले. सामंतांचे धरले तर गणपतवर ठपका: सुरक्षेच्या प्रश्नाची टवाळी. तो असेल तर भांड्यावरचे काम गेले, आणि मुख्य ऑपरेटर म्हणून त्याचे नाव पुढे होते तेही गेले. गणपतचे धरले तर दोष वर उभे राहून हसणाऱ्यांचा. म्हणजे सामंतांचा आणि माझा.

मोठे साहेब मुंबईचे. मराठी समजायचे, पण कागदापुरते. त्यांनी मला बोलावले. खोलीत ते, सामंत, युनियनचा एक माणूस आणि गळ्यात हात अडकवलेला गणपत.

साहेब म्हणाले, "हा कागद तुम्ही लिहिलाय. मला एवढंच सांगा, हुशार म्हणजे नक्की काय?"

मी सांगितले. शांतपणे, नीट, जसे वर्गात उभे राहून सांगायचो तसे. म्हणालो, "साहेब, या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बुद्धिमान. दुसरा, आमच्याकडे, तब्येतीने ताजातवाना."

"मग भोईर कुठल्या अर्थानं बोलला?"

"ते मी कसं सांगणार, साहेब? दोन्ही अर्थ होऊ शकतात."

गणपत माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "तुमी पेनचे ना, सायेब? तुमच्या घरात काय बोलतात?"

"भोईर, मध्ये बोलू नका," मोठे साहेब म्हणाले.

युनियनच्या माणसाने विचारले, "तो 'आज' म्हणाला होता का? भोईर सांगतो, तो 'आज हुशारी नाय' म्हणाला."

सामंत म्हणाले, "आठवत नाही." सगळे माझ्याकडे वळले. मला आठवत होते. मी तेव्हा अजून कायम झालो नव्हतो. गावी धाकट्या भावाला मी शाळेतून काढू नका असे ठणकावून सांगितले होते आणि त्याचा खर्च माझ्या पगारातून जायचा. ही कारणे तेव्हाही खरी होती, आजही खरी आहेत, आणि त्यांनी काही झाकले जात नाही. मी म्हणालो, "तेवढं नक्की ऐकलं नाही."

ठपका गणपतवर आला. सामंतांना समज मिळाली. मला साहेबांनी जाताना सांगितले, "प्रश्न बदला. तुमचं मराठी चांगलं आहे, पण जरा सोपं लिहा." मी प्रश्न बदलला. 'आज बरं वाटतंय का? ताप, चक्कर, काही होतंय का?' बाईंनी सुधारून दिलेलेच वाक्य. त्या प्रश्नाची नंतर कोणी चेष्टा केली नाही.

गणपतच्या घरी मी गेलो. जायला नको होते असे दारातच वाटले. त्याची बायको अंगणात वाल सोलत बसली होती. मला ओळखून तिने पदर सावरला, बसायला पाट दिला आणि हात चालूच ठेवले. गणपत घरात झोपला होता.

मी म्हणालो, "वहिनी, कसं आहे आता?"

"हाय की. कुटल्या अर्थानं इचारताव, भाऊ?"

मी पाट जरा मागे सरकवला.

"नाय, तुमच्याकडं दोन दोन अस्तात म्हनं. आमच्या घरात येवडी जागा नाय. एक ठेवला तरी पावसात भिजतोय."

आतून गणपतचा आवाज आला, "गप गो. सायबाला चाय टाक."

तिने चहा केला. मी तो प्यायलो. गणपत बाहेर आला नाही.

नंतर त्याला आवारात काम दिले, रिकामे ड्रम धुवायचे. फेरीवर असताना मी मुद्दाम तिकडून जायचो. ड्रमच्या कामालाही आता नवा प्रश्न होता. मी विचारायचो, "काय गणपतदादा, आज बरं वाटतंय का?"

तो ड्रम फिरवत म्हणायचा, "लिवा सायेब, तुमाला पायजे ता." चेष्टेने नाही. चेष्टा त्याने सोडलीच. त्याच्या तोंडून काही ऐकायला आता कोणी थांबत नसे.

मोठ्या साहेबांकडे जाऊन खरे सांगावे असे मी कितीदा ठरवले. सायकलवरून पूल ओलांडताना वाक्ये जुळवायचो आणि फाटकाशी ती सुटून जायची. मग त्यांची बदली झाली. मी कायम झालो. आणखी काही वर्षांनी मला विभागप्रमुख केले, आणि ही बातमी कशी कोण जाणे पेणला लिमयेबाईंपर्यंत पोचली. त्यांचे कार्ड आले. वळणदार अक्षरात दोन ओळी: 'तू पहिल्यापासून हुशार. नाव काढलंस.'

उत्तर लिहायला मला जमेना. शेवटी मी नव्या साहेबांकडे गेलो आणि सगळे सांगितले, 'आज'सकट. ते नीट ऐकून म्हणाले, "अहो, केवढी जुनी गोष्ट. त्या माणसाची तक्रार आहे का? नाही ना? मग आत्ताच बढती मिळाल्यावर कशाला उकरता?" मी लेखी देतो म्हणालो. त्यांनी घेतले. त्यातून पुढे काही झाले नाही. ठपका राहिला, आणि खांदा तर राहणारच होता.

गणपतला मी हे लेखी दिल्याचे सांगितले. तो म्हणाला, "बरा केलात. आता माझा हात वर जातोय का बगा." आणि जमेल तेवढा हात वर करून दाखवला.

त्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिले. पाठवण्याआधी त्याची नक्कल करून ठेवली होती, ती अशी.

'ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचे कार्ड मिळाले. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. घरात ते कोणाला दाखवले नाही, त्याचे कारण लिहितो.

आमच्याकडे एका कामगाराने बरे वाटत नसल्याचे आमच्या गावाकडच्या शब्दात सांगितले होते. मला ते समजले होते. पुढे त्याच्यावर बेतले तेव्हा साहेबांनी त्या शब्दाचा अर्थ मला विचारला. मी दोन सांगितले. दोन्ही कोशात सापडतील, त्यात चूक नाही.

तुम्हाला आठवत नसेल. नववीच्या सहामाहीत मी एका प्रश्नाखाली दोन उत्तरे लिहिली होती, एक तरी लागेल म्हणून. तुम्ही शून्य दिलेत. दोन्ही बरोबर आहेत असे म्हणत मी तुमच्या घरापर्यंत भांडत आलो. तुम्ही म्हणालात, "असतील. पण तुला कुठलं खरं वाटतं ते तू लिहिलं नाहीस." मला तेव्हा वाटले, बाईंनी अन्याय केला.

त्या कामगाराचे नाव गणपत भोईर. तो आता ड्रम धुतो.

तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत. तुम्ही नसता तर मी इथे नसतो. म्हणून तुमच्याकडेच मागतो. कार्ड या पत्रासोबत परत पाठवत आहे, राग मानू नये. त्यातला तो एक शब्द तुमच्या हाताने खोडा आणि कार्ड मला पुन्हा पाठवा. जपून ठेवीन.

आपला विद्यार्थी,
अनंत'